नव्वद रुपयांची खुर्ची

शकू,

मृत्यू माणसाला सगळ्या कर्तव्यांतून मुक्त करतो. हे वाक्य मी बऱ्याच पुस्तकांत वाचलं होतं आणि त्या मंगळवारी सकाळी साडेनऊपर्यंत मला ते खरंही वाटत होतं.

साडेनऊला तू समोरच्या खोलीत सतरंजीवर निजलेली होतीस. भिंतीकडेनं माणसं बसली होती. तुझ्या घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून आलेल्यांसाठी शेजारची चंद्रकला तिच्या घरी चहा करत होती. तिची साखर संपली. ती दारात येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "इथं साखरेचा डबा कोठं राह्यते वो?"

आणि खोलीतल्या सात-आठ जणांनी एकदम मान वळवून तुझ्याकडे पाहिलं.

मीही पाहिलं. खोटं कशाला बोलू? पाव सेकंद मला वाटलंसुद्धा की आता तू उजवा हात गुडघ्यावर ठेवून उठशील. मग मीच सांगितलं, वरच्या फळीवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यामागं, निळ्या झाकणाचा. तीस वर्षं मी खुर्चीत बसून तुला तो काढताना पाहत आले होते, त्यामुळे जागा पाठ होती. तुझ्या शेवटच्या चहाला माझा हातभार तेवढाच.

तुझा जन्म करडीचा, लग्न अमुक साली, मागं नवरा भाऊराव, एक मुलगा, सून, हे सगळं तेरवीच्या पत्रिकेत छापून झालं आहे. काळ्या चौकटीत तुझा फोटोही आहे. त्यात तू कॅमेऱ्याकडे अशी बघतेस, जणू फोटोग्राफरनं चहा घेतला की नाही ते आठवत नाही. तेरवीला एकानं उभं राहून भाषण केलं. त्याच्या मते तू साक्षात अन्नपूर्णा होतीस. मागोमाग आणखी दोघांनी तेच सांगितलं. मी मान हलवत राहिले. अन्नपूर्णा म्हणजे जिला कुणी कधी 'बस' म्हणत नाही, ही व्याख्या मला तिथंच सुचली, पण तेव्हा वाढपी बुंदी घेऊन आला आणि व्याख्या मागं पडली.

म्हणून इथं लिहिते. आपल्या गुरुवारांबद्दल कुणीच काही बोललं नाही.

त्या कॅफेत आपण पहिल्यांदा गेलो ते फसवणुकीनं, आणि फसवणूक माझी होती. मे महिना होता. तुझे डोळे तपासायला मी सोबत आले होते. डॉक्टरांनी तुझ्या डोळ्यांत थेंब घातले आणि सांगितलं की तासभर नीट दिसणार नाही, काळजी करू नका. बाहेर भंडाऱ्याचं ऊन. समोर, पितळी भांड्यांच्या त्या जुन्या दुकानाचा अर्धा भाग पाडून नवं काचेचं दार बसवलेलं, आणि दार उघडलं की गार वारा.

"हे काय हाय वं?" तू विचारलंस.

"बसायची जागा आहे," मी म्हटलं. हे खरंच होतं.

भिंतीवर काळ्या पाटीवर खडूनं भाव लिहिलेले होते. तुला ते दिसत नव्हते. मला चांगलं दिसत होतं. मी दोन मसाला चहा सांगितले. मोठमोठ्या पांढऱ्या कपांत चहा आला, शेजारी बोटाएवढं एक बिस्कीट. तू हातानं चाचपून म्हणालीस, "बशी विसरली वाटते पोरगी," आणि बशी आणायला उठू लागलीस. अर्ध्या आंधळ्या अवस्थेत, परक्या हॉटेलात. मी तुला दंड धरून खाली बसवलं. एवढ्यात दाराला लावलेली पितळी घंटी वाजली, कुणीतरी आत आलं, आणि तू पुन्हा उठलीस.

निघताना कॅफेची मालकीण रुचिका काउंटरवरून म्हणाली, "एकशे ऐंशी."

"एकशे ऐंशी काय?" तू.

"रुपये."

"कायचे?"

"चहाचे, आजी."

तू वळून माझ्याकडे पाहिलंस. त्या वेळी तुला मी नीट दिसणं शक्य नव्हतं, पण नजर अचूक माझ्यावर आली.

रस्त्यानं तू बोललीस ते मी आयुष्यभर विसरणार नाही, कारण ऑटोवालाही मान वळवून ऐकत होता. "नव्वद रुपयात दीड लिटर दूध येते, सुमन. दीड लिटर! सारं घर दोनदा चाय पेते त्याच्यात. शिकली-सवरली बाई तू, पोरींले गणित शिकवलं, अन् तुले नव्वद रुपये काय असते ते नाही समजलं?"

"ते चहाचे नाहीत," मी म्हटलं. "खुर्चीचे आहेत. चहा दहा रुपयांचाच. ऐंशी रुपये बसण्याचे."

"खुर्ची माह्या घरी नाही काय? सहा हायेत."

"त्यावर तू बसतेस कधी?"

"त्याच्यावर तुमी बसता ना," तू म्हणालीस, अगदी साधेपणानं. टोमणा नव्हता तो. जमिनीला जमीन म्हणावं तसं म्हणालीस.

तुझ्या घरचा चहा कसा व्हायचा ते मी इतक्या वेळा पाहिलंय की मला त्यावर परीक्षा देता येईल. कुणी आलं की तू उठायचीस. पातेलं ठेवायचीस, पाणी मोजायचीस. तेवढ्यात आणखी एक जण आला की पाणी वाढायचं. कप भरून झाले की पातेल्यात तळाशी जे उरेल ते तुझं, स्टीलच्या वाटीत, ओट्याशी उभ्यानं. ते प्यायला जावं तर बाहेरून भाऊराव हाक मारणार की देवीदास आला, त्याला अर्धा तरी दे. मग वाटीतलं कपात जायचं. शेवटी सगळे गेल्यावर, कप धुवायच्या आधी, तू वाटीत काय राहिलं ते पाहायचीस. तो तुझा चहा. गारढोण.

पुढच्या गुरुवारी तू स्वतःच म्हणालीस, "त्या दिवशी मले दिसून नाही राहिलं होतं. एकदा पाहून तर घेतो, नव्वद रुपये कोठं लावले त्या पोरीनं." दुपारी तीन ते पाच भाऊराव मोठ्या बाजारातल्या आपल्या कापडाच्या दुकानात असतात, घरी कुणी यायचं नाव नाही. अशा रीतीनं आपण पाहणीसाठी गेलो. पाहणी एका वर्षाहून जास्त चालली.

दुसऱ्या गुरुवारी तू इतिहास घडवलास. घंटी वाजली, कॉलेजातली एक जोडी आत आली, हातात हात. तू उभी राहून पदर सावरलास आणि त्यांना म्हणालीस, "या, या. बसा. चाय घेता ना?" त्या मुलीचा चेहरा मी अजून विसरले नाही. तिला वाटलं तू मुलाची आत्या. मुलाला वाटलं तू मुलीची मावशी. दोघं उलट पावली बाहेर पडली, ती दोन वेगवेगळ्या दिशांना. रुचिका कपाळाला हात लावून हसत होती. "आजी, गिऱ्हाईक होतं ते!"

"मंग मी काय हाकललं त्याले? बसाच म्हटलं ना!"

तिसऱ्या गुरुवारी तू रिकामे कप उचलून काउंटरच्या मागं गेलीस आणि मोरी शोधून काढलीस. चौथ्या गुरुवारी रुचिकाला चहा करताना पाहून तुला राहवलं नाही. "आलं आधी नाही टाकत वं पोरी, पाण्याले उकळी तर येऊ दे," असं म्हणत तू तिच्या शेजारी जाऊन उभी राहिलीस. एकूण हिशेब असा की नव्वद रुपये देऊनही तू गार चहाच पीत होतीस, तोही बराचसा उभ्यानं. फरक इतकाच की आता वाटी चिनी मातीची होती.

एकदा मी पाटीवरचं वाचून दाखवलं, की इथं आइस्ड टी पण मिळतो, एकशे चाळीस रुपयांना.

"ते काय राह्यते?"

"थंड झालेला चहा."

तू हातातल्या गार कपाकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "चाळीस वर्षापासून मी एकशे चाळीसचा माल फुकटात पिऊन राहिली, अन् तुमी कोनी सांगतलं नाही."

तेव्हा मी ठरवलं. भाव, दूध, गणित, सगळं बाजूला. माझं एकच म्हणणं होतं आणि मी ते तुला सांगितलंही: एक कप. अख्खा. गरम. दुसऱ्यानं केलेला. आणि तू बसून प्यायलेला, शेवटच्या घोटापर्यंत न उठता. हे एकदा जमलं तर मी नव्वद रुपयांवरून पुन्हा अवाक्षर काढणार नाही.

"त्यात काय हाय?" तू म्हणालीस.

त्यात बरंच काही होतं. घंटी वाजली की तुझा हात गुडघ्यावर जायचा. पावसाळाभर मी पाहत होते. हळूहळू नुसता हात जायला लागला, अंग उठायचं नाही. दिवाळीनंतर बोटं फक्त हलायची. आपण तोवर बरंच बोलायला लागलो होतो. तीस वर्षांत तुझ्याकडे येऊन मी तुझ्याशी जेवढं बोलले नसेन तेवढं त्या टेबलावर झालं, कारण तुझ्या घरी तू कायम आत आणि मी बाहेर. करडीच्या तलावात लहानपणी तू पोहायचीस, हे मला तिथं कळलं. तू पोहत होतीस! मी तुला कित्येक वर्षं ओळखत होते आणि मला तुझ्या चहातल्या आल्याचं प्रमाण माहीत होतं, हे माहीत नव्हतं.

आणि मग जावईबापू आले.

जावईबापू म्हणजे भाऊरावांच्या बहिणीचे यजमान, सिहोऱ्याचे. वय अडुसष्ट. गुडघे गेलेले, दात बसवलेले, पण जावईपण शाबूत. तहसील कचेरीत काही काम होतं म्हणून ते आणखी दोघांना घेऊन भंडाऱ्याला आले आणि दुकानात भाऊरावांना भेटले. भाऊरावांनी त्यांना मोठ्या उत्साहानं घरी आणलं. कुलूप. चंद्रकलेनं सांगितलं की वहिनी सुमनबाईंसोबत काचेच्या हॉटेलात गेल्या. भाऊरावांजवळ किल्ली होती. त्यांनी कुलूप उघडलं, पाहुण्यांना खुर्च्या दिल्या, स्वयंपाकघरात गेले आणि तसेच परत आले. मग चौघं जण एका ऑटोत बसून तुला न्यायला आले.

घंटी वाजली. पहिले भाऊराव, मागं पांढरी टोपी घातलेले जावईबापू, मागं ते दोघे. तू नुकते दोन घोट घेतले होतेस. कपातून वाफ निघत होती.

"अवो, पाव्हणे आले," भाऊराव म्हणाले. "चला ना घरी. चाय मांडा लागते."

मी तुझ्या हाताकडे पाहिलं. हात गुडघ्यावर गेला होता. शकू, मी आयुष्यात पुष्कळ निकालांची वाट पाहिली आहे, दहावीच्या वर्गाच्या, बदलीच्या, डोळ्यांच्या. अशी वाट मी कधी पाहिली नव्हती. समोर नवरा, त्याच्यामागं जावई. माझ्यासारखीही उठली असती.

तू हात गुडघ्यावरून उचललास, कपाला लावलास आणि म्हणालीस, "बसा ना जावईबापू. इथंच घ्या चाय. चांगली राह्यते."

आणि पीत राहिलीस.

भाऊराव उभेच होते. जावईबापूंना कुणीतरी बसा म्हटल्यावर बसायचंच माहीत, ते बसले. त्यांनी पाटीकडे डोळे बारीक करून पाहिलं. "नव्वद? हा भाव एका कपाचा हाय का पातेल्याचा?"

"कपाचा," तू कपातूनच म्हणालीस.

"बाप्पा! आमच्या सिहोऱ्यात तर नव्वद रुपयात चायवाला सोताच घरी येऊन राहीन."

तू शेवटचा घोट घेतलास. पदरानं ओठ टिपलेस. कप खाली ठेवलास आणि मगच विचारलंस, "वन्सं कशा हायेत?"

अख्खा. गरम. बसून. त्या दिवशी मला शाळेतल्या पोरींसारखं बाकावर उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मी बिस्कीट खाल्लं.

पुढचं तुला माहीत आहेच. जावईबापूंना एसी आवडला. त्यांनी आणखी एकेक सांगितला. पाच वाजेपर्यंत हलले नाहीत. पैसे भाऊरावांनी दिले. देताना त्यांचा चेहरा असा होता की रुचिकानं त्यांना पाणी विचारलं. इथवर सगळं माझ्या म्हणण्याप्रमाणे चाललं होतं. मग जावईबापू सिहोऱ्याला गेले आणि गावभर सांगत सुटले की साळ्यानं काय पाहुणचार केला, थंड्या हवेत, काचेच्या हॉटेलात, नव्वद रुपयांचा चहा, तोही दोन-दोनदा. त्यानंतर सिहोऱ्याकडून जो येईल तो दुकानातूनच विचारू लागला, "मंग, ते काचवालं कोठं हाय?" दोन महिने तुझ्या घरी कुणी चहाला आलं नाही. सगळे परस्पर कॅफेत. भाऊराव गल्ला सोडून मागच्या दारानं पळायला लागले.

मला वाटलं, तू खूश असशील. मी तसं म्हटलंसुद्धा, माझ्या त्या शाळेतल्या आवाजात. की बघ, एका खुर्चीनं काय काय केलं.

"घर सुनं झालं वं," तू म्हणालीस.

आणि आपलं भांडण झालं. मी म्हटलं, चाळीस वर्षं तू राबलीस, त्याला तू घर म्हणतेस. तू म्हणालीस, "तू म्हणते तसं नाही हाय ते. मानूस आलं का उठावं वाटते. मी उठतो म्हणून लोकं येतात. तुह्याकडं कोन येते?"

हे तू मुद्दाम बोललीस की सहज, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्याकडे कुणी येत नाही, हे खरं आहे. माझ्या घरी पुस्तकांची दोन कपाटं आहेत आणि खुर्ची एक. मी एकटीनं राहिले, कुणासाठी उठले नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. तू एका वाक्यात तो टेबलावर आडवा केलास आणि वर विचारलंस, "बिस्कीट खाते का माह्यावालं?"

मी उठून निघून आले. तीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या दोघींपैकी मी उठले होते.

पुढच्या गुरुवारी मी आले नाही. घरी बसून तुझ्यासाठी उत्तर तयार करत होते. तीन मुद्दे होते. पहिल्या मुद्द्याला दोन पोटमुद्दे. मी ते कागदावर काढले होते, कारण मला वादात नेमका शेवटचा मुद्दा आठवत नाही. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी चंद्रकला माझ्या दारात आली. कागद अजून टेबलावर आहे. आता वाचला तर तीनही मुद्दे एकच वाटतात, आणि तोही फार काही चांगला नाही.

त्या कागदावर जे नव्हतं ते आता सांगते. मी कायम असं बोलायचे जणू तुला उठवणारे दुसरे होते. भाऊराव, देवीदास, जावईबापू, झाडून सगळे पुरुष. आणि खिडकीजवळच्या त्या चौथ्या खुर्चीत तीस वर्षं कोण बसत होतं? दर आठ मार्चला शाळेत मी स्त्रीच्या स्वातंत्र्यावर भाषण करायचे आणि तिथून थेट तुझ्याकडे यायचे, कारण बोलून घसा सुकलेला असायचा. तू उठायचीस. मला डब्याची जागा माहीत होती, पातेलं माहीत होतं, एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही की शकू, तू बस, आज मी मांडते. निघालं असतं तर तू मला ओट्याजवळ येऊ दिलं नसतंस, माझ्या हातचा चहा तुला औषधासारखा लागतो असं तू मला दोनदा तोंडावर सांगितलंयस. पण म्हणायचं राहिलं ते राहिलंच. नव्वद रुपये देऊन मी तुला खुर्ची मिळवून दिली आणि स्वतःला मोठी सुधारक समजले. तीच खुर्ची मला तुझ्या घरी फुकटात रिकामी करून देता आली असती.

तेरवीनंतर दोन दिवसांनी मी कॅफेत गेले. रुचिकानं विचारलं, आजी कुठं आहेत? मी सांगितलं. ती एप्रनला हात पुसत माझ्यासमोर बसली. मग तिनं जे सांगितलं ते तू मला सांगितलं नव्हतंस. ज्या गुरुवारी मी रुसून घरी बसले होते, त्या गुरुवारी तू एकटी आली होतीस. आपल्याच टेबलावर बसलीस. सवयीनं दोन चहा सांगितलेस. रुचिका म्हणाली, दुसऱ्या आजी येताहेत का? तू म्हणालीस, "नाही येत. डोकं गरम हाय तिचं." आणि मग दोन्ही कप तूच प्यायलीस. एकामागून एक. मधे घंटी तीन-चारदा वाजली.

"उठल्या होत्या का?" मी विचारलं.

"छे," रुचिका म्हणाली. "दुसऱ्या कपात साखर कमी आहे म्हणाल्या फक्त."

एकशे ऐंशी रुपये तू स्वतःच्या पाकिटातून दिलेस. शकू, माझ्याशी भांडून, माझ्याशिवाय, माझा मुद्दा तू मला न सांगता दोनदा सिद्ध केलास. याला मी कृतज्ञता म्हणू की लबाडी? मी त्या दिवशी तिथं बराच वेळ हसत होते. रुचिकाला वाटलं रडतेय. तिनं कागदी रुमालांचा गठ्ठा आणून दिला, मी तो घेतला, वाया गेला नाही.

काल संध्याकाळी तुझ्या घरी गेले. मुलगा आणि सून पुण्याला परत गेले आहेत. भाऊराव समोरच्या खोलीत एकटेच बसले होते, सहा खुर्च्यांमधल्या एकीवर. मी दारात दिसले आणि ते उठले.

ते मला वाट द्यायला उठले असं मला आधी वाटलं. "बसा, बाई," ते म्हणाले. "चाय मांडतो."

मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. तोंडात आलं होतं, की राहू द्या, मी मांडते. तीस वर्षं जे तुला म्हटलं नाही ते त्यांना म्हणायला मी अर्धी उठलेही होते. मग वाटलं, नको. बसावं. आत भांडी पडल्याचा आवाज आला. लायटरचा सात वेळा. एकदा "अरे बाप्पा" ऐकू आलं. मी हलले नाही. खिडकीतून गल्ली दिसत होती, दिवे लागले होते, आणि मला एक विचित्र गोष्ट जाणवली. माझ्यासाठी कुणीतरी उठलं होतं आणि मला बरं वाटत होतं. म्हणजे तुझं खरं होतं. उठल्यानं माणूस येतं. माझंही थोडं खरं होतं, की दर वेळी एकाच माणसानं उठायचं नसतं. हे दोन्ही एका टेबलावर मावलं असतं. आपल्याला एक गुरुवार कमी पडला.

पाऊण तासानं भाऊराव बाहेर आले. दोन कप, दोन बश्या. एक मला दिला. दुसरा घेऊन ते आत उभे राहायला गेले नाहीत, माझ्यासमोर बसले.

"कशी झाली?" त्यांनी विचारलं.

मी चांगला झालाय म्हणून सांगितलं आणि अख्खा कप संपवला, गरम, बसून, तुझ्या नावानं. आलं होतं, वेलची होती, दूध छान उकळलेलं होतं. चहापत्ती तेवढी टाकायची राहिली होती.